कझिन म्हणजे नक्की कोण?

“कझिन म्हंजी नक्की कोन, त्ये एकदा नीट सांग बरं,” विजयसिंह म्हणाले. सकाळपासून हा प्रश्न त्यांनी चौथ्यांदा विचारला होता आणि लेकीच्या प्रत्येक उत्तरानंतर तो त्यांना जास्तच पडत होता.

“कझिन म्हणजे कझिन, पप्पा. चुलत, आते, मामे, मावस, यातलं कुणीही.” उत्कर्षा बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, त्यामुळे ढ विद्यार्थ्यांची तिला सवय होती. पण वडीलच ढ निघाले की नापासही करता येत नाही.

“कुनीबी? म्हंजी चुलतभाऊ आन् मामेभाऊ एकच?”

“इंग्रजीत एकच.”

“मग त्या लोकांच्यात वाटण्या कशा करत्यात?”

दिवाणावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेल्या विजयसिंहांच्या आईंना, कुशाबाईंना, हसू आलं, ते त्यांनी पदराआड घेतलं. चुलत निघाला तर वाटणी, मामे निघाला तर सोयरीक आणि मावस निघाला तर नुसता पाहुणचार. एवढी साधी गोष्ट जी भाषा सांगू शकत नाही, ती शिकायला आपली पोरं विमानात बसून जातात, असं त्यांच्या मनात आलं. पण त्या बोलल्या नाहीत. कानातलं मशीन त्यांनी काढून खिडकीत ठेवलं होतं, आणि मशीन खिडकीत असलं की म्हातारीला काही ऐकू येत नाही असा रणवऱ्यांच्या घरात सगळ्यांचा समज होता. त्यांचा उजवा कान अजून शाबूत होता. हे फक्त त्यांचे यजमान आप्पासाहेब, पोरांचे आबा, यांनाच माहीत होतं आणि आप्पासाहेबांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

आजचा रविवार साधा नव्हता. विहिरीच्या पाण्यावरून गेल्या उन्हाळ्यात भावाभावांत जे भांडण झालं त्यानंतर धाकटे प्रतापराव सणसरच्या या घराची पायरी चढले नव्हते. बारामतीत वकिली करायची, कारखान्याच्या सभेला यायचं आणि भाऊ दिसला की मोबाईल कानाला लावायचा, असं त्यांचं दहा महिने चाललं होतं. आज ते सकाळी साडेनऊलाच हजर झाले होते आणि थोरल्या भावाच्या शेजारी एकाच सोफ्यावर, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. नवा भाऊबंद उगवायच्या भीतीनं जुने भाऊबंद एक झाले होते. आपल्या हयातीत हे दृश्य बघायला मिळेल असं कुशाबाईंना वाटलं नव्हतं, त्यामुळे त्या शेंगा जरा हळूच मोडत होत्या.

सगळं सुरू केलं होतं स्वानंदनं. उत्कर्षाचा हा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. दिवाळीत त्यानं बहिणीला दोन नळ्या पाठवल्या. त्यात थुंकायचं, नळी परत पाठवायची आणि मग कंपनी सांगते की जगात तुमच्या रक्ताचं कोण कोण आहे. अर्थात, ज्यांनी ज्यांनी थुंकून पाठवलंय त्यांच्यापैकीच. उत्कर्षानं वाचून ठेवलं होतं की नवशिक्यानं आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची चाचणी करावी, कारण वयस्कर माणूस एक पिढी मागं असतं आणि म्हणून जास्त सांगतं. म्हणून एक नळी आजीला दिली आणि दुसरी वडिलांना.

“अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नको हं, आजी,” तिनं बजावलं होतं. कुशाबाईंनी शब्द पाळला. पाण्याचा घोटही घेतला नाही. नुसती मिश्री लावली. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं की नमुना तपासण्यासारखा नाही, त्यात भलतंच काही आहे.

“मिश्री काय खायाची वस्तू हाय व्हय?” कुशाबाई म्हणाल्या होत्या, आणि वनस्पतिशास्त्रानं निमूट दुसरी नळी मागवली होती.

विजयसिंहांचा निकाल मात्र आला. लांबलांबची दोनशे नावं होती, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यात वर एकच नाव होतं, बाकीच्यांच्या कितीतरी पुढं. फोटो नाही, वय नाही, गाव नाही. ‘एम. सहस्रबुद्धे. तुमचं बारा टक्के जुळतं. बहुधा फर्स्ट कझिन, किंवा त्याच अंतरावरचं दुसरं नातं.’

“सहस्रबुद्धे?” विजयसिंह तेव्हा म्हणाले होते. “आपल्यात? आपल्यात इतकी बुद्धी हुती कवा?”

सगळे हसले होते. कुशाबाईंनी मात्र चहाची बशी खाली ठेवली होती. ते नाव त्यांनी साठ वर्षांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून नातीला फोन लावला आणि विचारलं, “ती दुसरी नळी कवा येनार हाय?” नळी आली त्या सकाळी त्यांनी मिश्रीच्या डबीला हात लावला नाही. चार वेळा चूळ भरली, तासभर तोंड मिटून बसल्या आणि मग इतक्या मनापासून थुंकल्या की रेषेच्या वर गेलं.

त्या नळीचा निकाल आज यायचा होता.

“परत एकदा सांग,” प्रतापरावांनी वहीचं पान उलटलं. वकील असल्यामुळे ते कागद घेऊनच आले होते. “बारा टक्के म्हणजे कझिन. बरोबर. पण आपल्याला चुलते नाहीत. आबा एकटेच. आत्या एक, तिची दोन्ही पोरं आपल्याला माहीत आहेत. आईकडं मामांची पोरं, तीही माहीत. मावशी नाही. मग हा कझिन आला कुठून?”

“मावशी होती की,” उत्कर्षा म्हणाली. “आजीची धाकटी बहीण.”

“ती ल्हानपनीच देवीच्या साथीत गेली,” विजयसिंहांनी हात उडवला. “आईच सांगती की. ती काय पोरं जन्माला घालनार?”

“म्हणजे उरलं ‘त्याच अंतरावरचं दुसरं नातं’,” प्रतापराव म्हणाले. त्यांनी कुशाबाईंकडे पाहिलं, खिडकीतल्या मशीनकडे पाहिलं आणि तरीही आवाज खाली आणला. “सावत्र पुतण्या. म्हणजे आपल्याला एक सावत्र भाऊ आहे किंवा होता. आणि हा त्याचा मुलगा.”

“आबांचा?” विजयसिंहांनीही आवाज खाली आणला, म्हणजे तो नुसता अंगणापर्यंत गेला.

“दादा, जरा आठव. दर आठवड्याला निमगाव केतकीच्या बाजाराला कोण जायचं? इस्त्रीचं धोतर नेसून? मिशीला तेल लावून? मेथीची जुडी आणायला मिशीला तेल लावतं का कुणी? आणि मला अंधुक आठवतंय, तिथल्या दवाखान्यात एक सहस्रबुद्धेबाई होत्या.”

“व्हत्या का?”

“अंधुक म्हटलं ना.”

वकिलाला अंधुक आठवायला लागलं की कोणाचं तरी काही खरं नसतं, हे कुशाबाई जाणून होत्या. आप्पासाहेब मिशीला तेल लावून कुठं जायचे तेही त्यांना ठाऊक होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर जिलबीवाला बसायचा आणि डॉक्टरनी साखर बंद केली होती. त्या माणसाचं जे काही लफडं होतं ते पाकात बुडवलेलं होतं, आणि तेही त्याला धड लपवता यायचं नाही. मिशीला माशा बसायच्या.

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस कुशाबाईंना या प्रकरणाची मजाच वाटली होती. थोरली सून मालन एकदम मऊ झाली होती. न मागता साजूक तुपातला शिरा येत होता, पाय चेपून मिळत होते. “आत्याबाई, तुमी लई सोसलं,” असं मालन डोळ्याला पदर लावून म्हणायची आणि कुशाबाई काही न ऐकल्यासारखं करून आणखी एक चमचा शिरा घ्यायच्या. नवऱ्यानं फसवलेल्या बाईला घरात इतका मान मिळतो हे त्यांना आधी माहीत असतं तर त्यांनी आप्पासाहेबांना आणखी दोन-चार बाजार सुचवले असते.

पण मग मालननं फोटोला फूल वाहायचं सोडलं. रोज सकाळी देवपूजेतलं एक जास्वंद आप्पासाहेबांच्या फोटोला लागायचं, ते बंद झालं. आणि तेव्हापासून कुशाबाईंच्या घशाखाली शिरा उतरेनासा झाला. त्यांना एवढंच हवं होतं की त्या नळीनं, त्या कंपनीनं, कुणीतरी परस्पर खरं सांगून टाकावं आणि आपल्याला तोंड उघडावं लागू नये. ऐंशी वर्षांच्या बाईनं पोरांसमोर उभं राहून, मी तुमच्याशी खोटं बोलले, असं म्हणायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

“आजीचा निकाल आला की दहा सेकंदांत कळेल,” उत्कर्षा मोबाईल हलवत म्हणाली. “सोपं आहे. हा माणूस आजीशी जुळला तर तो आजीच्या माहेरचा. नाही जुळला तर आबांकडचा. दोन बाजू असतात, एक बाजू वगळायची. मेल आलाय, पण उघडत नाही. नुसतं गोल फिरतंय.”

“गच्चीवर जा,” मालननं आतून सांगितलं. “पान्याच्या टाकीपाशी येती रेंज.”

उत्कर्षा जिना चढून गेली आणि प्रतापराव उठून भिंतीपाशी गेले. फोटोकडे बघत, पाठीमागं हात बांधून, कोर्टात उभं राहतात तसे उभे राहिले.

“दादा, हा फोटो आतल्या खोलीत लावू.”

“का रं?”

“उद्या तो माणूस दारात आला, फोटो बघून ‘आजोबा’ म्हणाला आणि त्याचा कुणी मोबाईलवर व्हिडिओ केला, तर? आपणच दर्शनी भिंतीवर पुरावा लावून ठेवलाय असं होईल. आणि खरं सांगू का, मला आता त्यांच्याकडं बघवत नाही. आईला जन्मभर फसवलं त्यांनी.”

विजयसिंहांनी स्टूल ओढलं आणि वर चढले. त्यांचे हात फ्रेमला लागले तेव्हा मालन दारात येऊन उभी होती.

“विजू. खाली उतर,” दिवाणावरून आवाज आला.

विजयसिंह स्टुलावरून पडता पडता राहिले. कुशाबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, मशीन उचलून कानात घातलं. ते घातलं नसतं तरी चाललं असतं, पण ही गोष्ट उघड्या कानानं बोलायची होती.

“आई, तुला ऐकू...”

“सगळं ऐकलंय. दीड म्हयना ऐकतीया. फसवलं त्ये तुमच्या बापानं न्हाय. मी फसवलं. यमुना देवीच्या साथीत गेली न्हाय.”

शेंगांचं सूप मधे होतं, ते मालननं पायानं बाजूला केलं आणि सासूला धरून खाली बसवलं. कोणी काही विचारायच्या आत कुशाबाईच बोलायला लागल्या, कारण थांबलं तर परत सुरू होणार नाही हे त्यांना माहीत होतं.

“विजू, तुझ्या टायमाला मी बाळंतपनाला अंथुर्ण्याला गेले हुते. तू दोन म्हयन्याचा. यमी सतरा वर्सांची. पाटाच्या हापिसात एक कारकून हुता, नीळकंठ सहस्रबुद्धे. बामनाचा पोरगा, एकटाच ऱ्हायचा, आमच्या वाटंवर. यमी त्याच्यासंगं गेली. सकाळी उठलो तर वाकळ रिकामी.”

“आन् मग?” विजयसिंह अजून स्टुलापाशीच उभे होते.

“मग काय. तात्यांनी दोन दिवस अन्न घेतलं न्हाय. तिसऱ्या दिवशी म्हनाले, पोरगी मेली. घरातल्या समद्यांनी तिच्या नावानं आंघोळी करा, डोक्यावरनं पानी घ्या, आन् हितनं पुढं जो तिचं नाव घील त्याला ह्या घराचा उंबरा बंद. समद्यांनी आंघोळी केल्या. गडी मानसांनीबी केल्या.”

“तूबी?”

कुशाबाईंनी त्याचं उत्तर दिलं नाही. “तू चार वर्सांचा झाल्यावर इचारलंस, आई, मला मावशी का न्हाय? मी म्हनलं, देवीनं गेली. तात्यांचा धाक हुता. नंतर तात्या गेले, भाऊ गेले, धाक गेला. पन तवर त्ये खोटं घरातलंच झालं. काढायचं कसं?”

“आणि आबांना माहीत होतं?” प्रतापराव खाली सतरंजीवर बसले होते. वही सोफ्यावरच राहिली होती.

“लग्नाच्या बायकूला बहीन किती त्ये म्हाईत नसनार व्हय? चारदा म्हनाले, शोधतो, पाटबंधाऱ्यात माझी वळख हाय, बदली कुठं झाली काढतो. चारदा मी नको म्हनले. ती आली आन् तोंडावर म्हनाली, आंघोळ करून मोकळी झालीस, आता कशाला आलीस, तर मी काय करू? त्यांनी कुनाला एक शबुद सांगितला न्हाय. आन् तुमी त्यांचा फोटू खाली काढताय.”

विजयसिंहांनी स्टूल उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. एवढा मोठा साठीचा माणूस, कारखान्याच्या सभेत माईक हिसकावून घेणारा, तो भिंतीकडे तोंड करून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. प्रतापरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विहीर कुणाच्याच लक्षात नव्हती.

तेवढ्यात जिन्यावरून धपाधप पावलं आली.

“जुळलं!” उत्कर्षाला धाप लागली होती. “काका, तुमचा सावत्र पुतण्या गेला! आजीशी जुळतोय, आणि किती? पंचवीस टक्के! पप्पांच्या दुप्पट! भाचा आहे हा आजीचा, सख्खा भाचा! पण ते कसं शक्य आहे, आजीची बहीण तर...” मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले आणि ती थांबली.

मालननं तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं. जे सांगायला कुशाबाईंना साठ वर्षं लागली ते मालनला अर्ध्या मिनिटात जमलं, आणि शेवटी ती हेही म्हणाली की आत्याबाईंना पहिल्यापासून ऐकू येत होतं, तेव्हा शिऱ्याचं आपण नंतर बघू.

“मग म्हणून ‘कझिन’,” उत्कर्षा पुटपुटली. “मावस. पप्पा, तुमचा मावसभाऊ आहे हा.”

“मावस,” विजयसिंह म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना एक शब्द कळला होता. “मावसभावाला काय, घरात घ्यायचं, जेवू घालायचं.” प्रतापरावांनीही मान डोलावली, आणि त्यात वकिलाला झालेला आनंद नव्हताच असं म्हणता येणार नाही.

“थांबा, अजून आहे,” उत्कर्षा म्हणाली. “निकालाबरोबर एक निरोप पण आलाय. मी महिन्यापूर्वी त्या सहस्रबुद्ध्यांना लिहिलं होतं ना, त्याचं उत्तर. वाचते. ‘हाय, मी श्रिया, बडोद्याहून. हे खातं माझ्या बाबांचं, मिहिर सहस्रबुद्धे यांचं आहे, पण बघते मी. परीक्षा होती म्हणून उशीर झाला. बाबांचे वडील नीळकंठ, ते वारले. आजीचं नाव विनया. आजीच्या माहेरचं आम्हाला काहीच माहीत नाही. ती सांगत नाही.’ खाली नंबर दिलाय.”

“परत वाच,” कुशाबाई म्हणाल्या. “शेवटचं.”

“‘आजीच्या माहेरचं आम्हाला काहीच माहीत नाही. ती सांगत नाही.’”

“सांगत न्हाय,” कुशाबाई सावकाश म्हणाल्या. “सांगत नव्हती असं न्हाय लिवलं?”

“नाही, आजी. सांगत नाही. म्हणजे आहे.”

कुशाबाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. “पन विनया कोन? आमची यमुना. विनया म्हंजी दुसरीच कुनीतरी. यमी गेली आसंल, त्यानं दुसरं लगीन केलं आसंल, पोराला तिनं वाढवला आसंल.” त्या हात एकमेकांत घट्ट धरून बसल्या. “म्हंजी तात्यांनी म्हनलं तसंच झालं.”

उत्कर्षा मोबाईलमध्ये खालीवर करत राहिली. टक्क्यांवरून मिहिरची आई कोण ते कळत होतं, पण ती आज जिवंत आहे की नाही ते टक्के सांगत नव्हते. प्रतापराव म्हणाले की विवाह नोंदणीचा दाखला काढावा लागेल. विजयसिंह म्हणाले की बडोद्यालाच जाऊन येऊ, गाडी काढतो.

“आत्याबाई,” मालन म्हणाली, “माजं नाव काय?”

“आता हे काय मधीच? मालन.”

“आन् माझ्या माहेरी?”

कुशाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

“मंगल हुते मी एकोनीस वर्सं. लग्नात ताटात तांदूळ पसरलं, ह्यांनी अंगठीनं त्यात ‘मालन’ लिवलं आन् मंगल संपली. माजी आय मंगलच्या नावानं पत्र धाडायची, तर पोस्टमन म्हनायचा ह्या गावात मंगल न्हाय, आन् परत न्यायचा. तीन पत्रं गेली अशी. तुमी त्या दोन शिकलेल्यांना काय इचारताय? बामनाच्या घरात गेली पोरगी, त्यांनी काय यमुना ठिवली आसंल तिला? तांदळात विनया लिवलं आसंल, दुसरं काय!”

वकील आणि प्राध्यापिका एकमेकांकडे बघत राहिले. उत्कर्षानं हे सगळं अभ्यासलं होतं. वंशावळ कशी भरायची, टक्के कसे बघायचे, सामायिक नातेवाईक कसे गटात लावायचे. फक्त बाई सासरी गेली की तिचं पहिलं नावही पुसलं जातं आणि त्यामुळे ती कागदावर सापडतच नाही, हे जगातल्या कुठल्या नवशिक्यांच्या पुस्तकात लिहिलेलं नसावं. आणि तिची स्वतःची आई तेच गेली सदतीस वर्षं या घरात वावरून दाखवत होती.

“लाव फोन,” विजयसिंह म्हणाले.

“तिला नको आसंल तर?” कुशाबाई म्हणाल्या. “ती आपनहून सांगत न्हाय म्हंजी तिला नकोच आसंल. ऱ्हाऊ द्या.”

“आई,” प्रतापराव म्हणाले, “चारदा नको म्हणालीस. बास झालं.” आणि एरवी तासाच्या हिशेबानं बोलणारा हा माणूस आईचा हात धरून बसला.

सगळे आईला घेऊन खिडकीपाशी सरकले, तिथं या वेळी रेंजच्या दोन रेघा आल्या आणि घंटी तीन वेळा वाजली. पडद्यावर आधी वीस-बावीस वर्षांची मुलगी दिसली. उत्कर्षा तिच्याशी भराभर काहीतरी बोलली, टक्के, भाचा, सणसर, अंथुर्णे. “थांबा, आजीकडेच नेते,” मुलगी म्हणाली. ती मोबाईल घेऊन घरातून चालत गेली, छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग एका खुर्चीवर चष्मा लावून पेपर वाचणारी, कानापर्यंत केस कापलेली एक म्हातारी दिसली. कुशाबाईंनी ओळखली. कपाळ आईचं होतं.

“नमस्कार,” म्हातारी स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाली. “आपण कोण बोलता आहात?”

“यमे,” कुशाबाई म्हणाल्या.

पेपरची घडी मांडीवरून खाली घसरली. विजयसिंहांना वाटलं रेंज गेली, ते मोबाईल हातात घेऊन टाकीकडे निघणारच होते.

“इथे यमुना नावाचं कुणी नाही,” ती शेवटी म्हणाली. मान ताठ होती. “यमुना तर साठ वर्षांपूर्वीच गेली. अंथुर्ण्यात घरातल्या सगळ्यांनी तिच्या नावानं अंघोळी केल्या. आम्हाला निरोप पोचला होता. मी तेव्हा ह्यांना विचारलं, अक्कानंही? ह्यांनी चौकशी केली. सगळ्यांनी केल्या म्हणाले, बाळंतिणीनंसुद्धा केली.” तिनं श्वास घेतला. “बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. पण तूसुद्धा, अक्का?”

विजयसिंहांनी मघाशी हेच विचारलं होतं आणि आई उत्तर न देता पुढं गेली होती. आता ती मोबाईलवर इतकी वाकली की बडोद्याला तिचं फक्त नाक आणि एक डोळा दिसत असणार.

“मी न्हानीत गेले यमे. कडी लावली. तात्या भाईर उभे हुते, कान देऊन. मी तांब्या भरला आन् पानी दगडावर वतलं. परत भरला, परत वतलं. धा-बारा तांबे वतले असतील, भाईर आवाज जायला. मग केसांच्या टोकाला पानी लावलं, पदर भिजवला आन् तशीच आले. तात्यांनी केसं बघितली, मान हलवली. अंगावर एक थेंब घेतला न्हाय गं मी. तू मेलीच न्हवतीस तर कशापायी घिऊ?”

हे कुशाबाईंनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आप्पासाहेबांनाही नाही. बापाला फसवलं हे सांगायची लाज वाटायची आणि एवढं धाडस करून पुढं काहीच केलं नाही, याची त्याहून जास्त.

बडोद्याच्या म्हातारीनं चष्मा काढला. तिचे खांदे हलत होते आणि ती हसते आहे की रडते आहे ते पडद्यावर कळत नव्हतं. मग ती बोलली, आणि साठ वर्षं जपलेली ती स्वच्छ मराठी तिच्या तोंडातून पार गळून पडली.

“म्हंजी साठ वर्सं झाली, अक्का, तू माझ्या नावानं पारोशीच हाईस?”

“पारोशीच हाय गं,” कुशाबाई म्हणाल्या, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या.